काळ्या मातीत सत्तर टनांचं मशीन: जुना रीच स्टॅकर आणताना गेलेले आठ महिने

समुद्रपूर तालुक्यात, जामच्या चौरस्त्यापासून आत, एका जिनिंगला लागून कंटेनरचं छोटं यार्ड आहे. रुईच्या गाठी आणि सोयाबीनची ढेप भरलेले डबे इथून निघतात, रिकामे परत येतात. ऑक्टोबर २०२३ पर्यंत इथे डबा उचलायचं काम दोन हायड्रा, म्हणजे छोट्या चालत्या क्रेन, करायच्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला, मधे साखळ्या. भरलेल्या वीस फुटी डब्याच्या बाबतीत हा जिवाशी खेळ आहे. दोन ऑपरेटरांचा वेग कधीच सारखा नसतो. एकाने दोन इंच आधी उचललं की भार दुसऱ्याकडे सरकतो, आणि बूम, म्हणजे क्रेनचा हात, बाहेर गेली की हायड्राची क्षमता पाटीवरच्या आकड्याच्या कितीतरी खाली येते. दसऱ्यानंतर ठरलं, जुना का होईना, रीच स्टॅकर, म्हणजे डबे उचलून थप्पी लावणारं चाकांवरचं मशीन, आणायचा. त्याने पहिला डबा उचलला तेव्हा जून २०२४ उजाडला होता. मशीन शोधायला महिनाच लागला. बाकी सगळा वेळ जमिनीत, तारेत आणि कागदात गेला, म्हणून इथे मशीनपेक्षा त्या तिघांवरच जास्त लिहिलं आहे.

रीच स्टॅकरला पुढे चार आणि मागे दोन टायर असतात, वर आत-बाहेर सरकणारी बूम आणि तिच्या टोकाला स्प्रेडर, म्हणजे डबा पकडणारी चौकट. स्प्रेडर वीस फुटांवरून चाळीस फुटांपर्यंत पसरतो. त्याच्या चार कोपऱ्यांतले ट्विस्टलॉक डब्याच्या कॉर्नर कास्टिंगमध्ये (कोपऱ्यांतल्या भोकांच्या लोखंडी ठोकळ्यांत) उतरतात आणि ९० अंशांत फिरून अडकतात. रिकाम्या मशीनचंच वजन ७० टनांच्या घरात. आमच्या मशीनच्या चार्टवर ४५-३१-१५ असं आहे: पहिल्या रांगेत ४५ टन, तिच्यावरून हात लांबवून दुसऱ्या रांगेत ३१, तिसऱ्या रांगेत १५. दलाल फक्त पहिला आकडा सांगतो. २८ टनांचा डबा तिसऱ्या रांगेत असेल तर पुढच्या रांगा हलवल्याशिवाय तो निघणार नाही, हे यार्डाची आखणी करतानाच डोक्यात हवं. आमच्याकडे म्हणून सगळे ब्लॉक दोन रांगांचेच ठेवले.

दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, उरण भागात तीन मशीन पाहिली. तासांचा मीटर बदलता येतो, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका. बूम पूर्ण बाहेर काढायला लावा आणि आतल्या बुमेला दोन्ही अंगांनी टेकण देणाऱ्या सरकपट्ट्या, म्हणजे वेअर पॅड, किती झिजल्यात ते पाहा. पॅड संपून लोखंडाला लोखंड घासलं असेल तर बुमेवर चकाकणारे लांब ओरखडे दिसतात. लिफ्ट सिलिंडर जिथे चॅसिसला बसतो तिथले वेल्डिंगचे जोड आणि बुमेचं नाक, या दोन जागी डाय पेनिट्रंट चाचणी करून घ्या. लाल द्रव लावायचा, पुसायचा, पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तर लाल रेघ उमटते. खर्च काही हजारांचा, आणि आम्ही पाहिलेल्या दुसऱ्या मशीनवर नेमकी तशी वीतभर रेघ उमटली. विकणाऱ्याने ती रंगाखाली झाकली होती. तिसरी गोष्ट रोटेटर, म्हणजे स्प्रेडर फिरवणारा भाग: स्प्रेडर जमिनीपासून फूटभर वर धरून दोघांनी टोकाला हलवायचा. खडखडाट झाला तर स्ल्यू रिंग, म्हणजे त्यातलं मोठं बेअरिंग, गेली, आणि तो खर्च लाखांत असतो. मशीन थंड असतानाच सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

सौदा ९२ लाखांवर ठरला, वर १८ टक्के जीएसटी.

आता तार. यार्डावरून ११ केव्हीची शेतीची लाइन गेलेली होती, नऊ मीटरच्या खांबांवर. साडेआठ फुटी डबे चार रचले तर उंची १०.४ मीटर होते, चार हायक्यूब (साडेनऊ फुटी) रचले तर ११.६ मीटर. बूम त्याहून वर जाते. म्हणजे तारेखाली मशीन चालवणं सोडाच, तिच्या आसपासही नाही. हे टोकन देण्याआधी लक्षात यायला हवं होतं.

४ डिसेंबरला वीज कंपनीकडे लाइन हलवण्याचा अर्ज दिला. सोबत सातबारा, जागेचा नकाशा, आणि जुनी व नवी लाइन दोन रंगांत दाखवणारा हाताने काढलेला आराखडा. डिसेंबरअखेर संयुक्त पाहणी, जानेवारीत अंदाजपत्रक. काम स्वतः परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घेतलं आणि कंपनीला फक्त १.३ टक्के सुपरव्हिजन चार्ज भरला. पूर्ण रक्कम कंपनीकडे भरून वाट पाहण्यापेक्षा हा रस्ता आम्हाला बरा वाटला. अडलं ते शेजारच्या वावरात. नवे दोन खांब तिथून जाणार होते. "धुऱ्यावर बसवा, वावरात नाई," एवढंच त्या काकांचं म्हणणं, आणि ते रास्तच होतं. मधोमध खांब आला की वखर दरवेळी वळवावा लागतो. रेषा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नेल्याने एक खांब वाढला आणि अंदाजपत्रक पुन्हा करावं लागलं. अर्ज देण्याआधीच शेजाऱ्यांना घेऊन नवी रेषा पायी चालून घेतली असती तर पाच आठवडे वाचले असते. पुढे १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, माणसं निवडणुकीच्या कामाला गेली, वर्ध्याचं मतदान २६ एप्रिलला. शटडाउन मिळून लाइन सरकली ३ मे रोजी. एकूण खर्च ४ लाख ६० हजार.

तोवर जमिनीचं काम सुरू होतं, आणि पैसा खरा तिथेच गेला. ट्रकच्या चार टायरच्या एका अ‍ॅक्सलवर कायद्याने ११.५ टन चालतात. भरलेला डबा पुढे धरलेल्या रीच स्टॅकरच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर ९० ते १०० टन येतात, म्हणजे एका टायरखाली जवळपास २५ टन. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला मनगट जाईल अशा भेगा पडतात. नागपूरच्या प्रयोगशाळेत तिची सीबीआर, म्हणजे जमीन किती भार पेलते त्याची, चाचणी केली. नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग दाबून पाहतात. आकडा आला २.४, म्हणजे फारच कमी. सल्लागाराने अहवाल मिटून ठेवला आणि म्हणाला, ही माती काढूनच टाका.

९० सेंटिमीटर खोदून काढली. मुरूम २०-२० सेंटिमीटरच्या थरांनी भरला. प्रत्येक थराला पाणी, रोलर आणि मग घनता चाचणी. टिप्परवाल्याला घाई असते, तो दोन थरांचा माल एकदम पालथा करतो. रोलरचा दाब खालपर्यंत पोचत नाही आणि मग पहिल्या पावसात तिथेच बशी होते. एक माणूस फक्त थर मोजायला उभा ठेवा. मुरमावर जीएसबी (खडीचा खालचा थर), त्यावर डब्ल्यूएमएम (पाणी घालून कालवलेल्या खडीचा थर), आणि मशीनच्या धावपट्टीवर एम-४० प्रतीचं काँक्रीट ३० सेंटिमीटर. डबे रचायच्या जागेवर १०० मिलिमीटर जाडीचे गट्टू, म्हणजे काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक.

गट्टूंच्या बाबतीत आम्ही चुकलो. डबा तळाने टेकत नाही, चार कोपऱ्यांच्या कास्टिंगवर उभा राहतो, आणि एका कास्टिंगचा तळ आहे १७८ बाय १६२ मिलिमीटर, जेमतेम हाताच्या पंजाएवढा. २८ टनांचे चार डबे एकावर एक ठेवले तर ११२ टन होतात. चार कोपऱ्यांत वाटले की प्रत्येक पंजाखाली २८ टन, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास ९७ किलो. सल्लागाराने कोपऱ्यांच्या रेषेत आरसीसी पट्ट्या टाकायला सांगितल्या होत्या. पैसे वाचवायला त्या एकाच ब्लॉकला टाकल्या. त्याचं पुढे काय झालं ते जुलैत येईल.

कागदांपैकी तीन गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. पहिली, आरटीओ. फक्त बंदिस्त आवारात वापरायचं खास मशीन मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२८) मधल्या व्याख्येतच वगळलेलं आहे, त्यामुळे पासिंग करावं लागलं नाही. पण त्याचाच अर्थ, ते सार्वजनिक रस्त्यावर एक चाकही टाकू शकत नाही. आमच्या जिनिंग आणि यार्डाच्या मधून पांदण रस्ता जातो. "दहा फुटांचंच तर ओलांडायचं" असं सगळे म्हणतात, पण अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच विचारेल. म्हणून डबा पांदण ओलांडतो तो ट्रेलरवरच. दुसरी, डिझेल. मशीन तासाला १५-१६ लिटर पितं. पेट्रोलियम कायद्याच्या कलम ७ नुसार एकूण साठा २,५०० लिटरच्या आत आणि कुठलंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर डिझेलला परवाना लागत नाही. आम्ही बॅरलमध्येच ठेवतो. तिसरी, ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, ज्यावर तीन दिवस गेले.

मशीन अख्खं येत नाही. स्प्रेडर, बूम आणि चॅसिस अशा तीन ट्रेलरवर येतं. बिल एक, गाड्या तीन. अशा वेळी पूर्ण बिल पहिली गाडी निघण्याआधी फाडायचं, पुढच्या प्रत्येक गाडीला डिलिव्हरी चलन, प्रत्येक गाडीसोबत बिलाची प्रमाणित प्रत, आणि मूळ बिल शेवटच्या गाडीसोबत. ई-वे बिल प्रत्येक गाडीचं वेगळं. विकणाऱ्याच्या मुनीमाने तिन्ही गाड्यांवर पूर्ण किंमत टाकली होती. ते रद्द करून पुन्हा केलं. मुदतीचा हिशेबही वेगळा असतो. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस, ओडीसी, म्हणजे मापाबाहेरच्या मोठ्या, मालाला २० किलोमीटरला एक दिवस. उरण ते जाम, धुळे-अकोला-अमरावती-नागपूर मार्गे, आम्ही ९५० किलोमीटर धरले. साध्या गाडीला ५ दिवस, चॅसिसच्या गाडीला ४८. पुढची बाहेरची चाकं काढूनही चॅसिस ३ मीटरच्या वर रुंद, म्हणजे ते ओडीसीच. पोर्टलवर ई-वे बिल करताना तो पर्याय निवडायचा राहिला तर पाचव्या दिवशी गाडी महामार्गावर आणि बिल मुदतबाह्य. मुदत वाढवायची खिडकी संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच उघडी असते.

तिन्ही ट्रेलर, परवानग्या आणि पायलट गाडी धरून ६ लाख ८० हजार लागले. दोन्ही टोकांच्या क्रेनचे १ लाख ९० हजार वेगळे.

सुटं करताना आपला माणूस तिथे हवाच. प्रत्येक होज (हायड्रॉलिक तेलाची नळी) सोडला की दोन्ही तोंडांना टोपी आणि एकाच नंबराची पत्र्याची चकती. चिकटपट्टी आणि मार्कर तेलात टिकत नाहीत. आमच्याकडे अकरा होजांच्या चिठ्ठ्या धुळ्यापर्यंतच गळून पडल्या होत्या आणि ते जुळवण्यात दीड दिवस गेला.

चाकांचं मात्र नीट वाचा. टायर १८.००-२५ मापाचे, हवा १० बार, आणि रिम अनेक तुकड्यांची, वर ते तुकडे धरून ठेवणारी लॉक रिंग. नट सैल करण्याआधी व्हॉल्व्हचा गाभा काढून हवा पूर्ण सोडायची, जोडीतल्या दोन्ही टायरची. हवा असताना नट काढले आणि रिमला आत तडा असला, तर लॉक रिंग तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. हवा भरताना टायर लोखंडी पिंजऱ्यात, लांब नळी, आणि माणूस टायरच्या नक्षीच्या अंगाला उभा. रिंगच्या समोर कधीच नाही. हायवेवरचा पंक्चरवाला ट्रकच्या टायरात कितीही मुरलेला असो, "करून टाकतो ना भाऊ" म्हणाला तरी त्याला हात लावू देऊ नका. आम्ही नागपूरहून खाणीतल्या डंपरचे टायर करणारी माणसं बोलावली. सहा चाकांचे १८ हजार घेतले, पण पिंजरा सोबत आणला.

८ मे रोजी स्प्रेडर आणि बूम आले, १४ तारखेला चॅसिस. पारा ४५ च्या वर. लोखंडाला सकाळी दहानंतर हात लागत नव्हता, म्हणून काम पहाटे पाच ते दहा आणि संध्याकाळी. बूम दोन क्रेननी धरून मागच्या पिनेत बसवायला एक पूर्ण सकाळ गेली. पिन ठोकून बसत नसेल तर ठोकू नका. भोकं रेषेत नाहीत एवढाच त्याचा अर्थ. हायड्रॉलिक तेल ४६ नंबरचं, तीन बॅरल. सगळं जोडल्यावर इंजिन कमी आर. पी. एम. वर ठेवून प्रत्येक सिलिंडर चार-पाच वेळा हळू आत-बाहेर करायचा. तेलात हवा राहिली तर बूम हिसके देते आणि पंप किंचाळतो.

मग तपासणी. तेव्हा लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या कलम २९ नुसार उचलायच्या यंत्राची बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासणी लागायची. ही माणसं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची मान्यता असलेली असतात. विमा कंपनीही सीपीएम पॉलिसीसाठी, म्हणजे अशा यंत्रांच्या विम्यासाठी, तोच कागद मागते. प्रश्न चाचणीच्या वजनाचा होता. वीस फुटी डब्याच्या दारावर कमाल वजन ३०,४८० किलो लिहिलेलं. त्यात ५० किलोच्या रेतीच्या ५६० गोण्या रचल्या, २८ टन. डबा २,२५० किलोचा. ट्रेलरसकट काट्यावर नेऊन खात्री केली. मोकळी रेती भरू नका, ती एका अंगाला सरकते आणि लाकडी फरशीच्या फटीत बसते.

मशीनच्या पडद्यावर वजन दिसलं २८.९ टन. काट्याशी जवळपास १.३५ टनांचा फरक. आधी रिकामा स्प्रेडर धरून शून्य लावलं, मग माहीत असलेलं वजन देऊन कॅलिब्रेशन केलं. नंतर फरक तीनशे किलोच्या आत आला. तरीही निर्यातीच्या व्हीजीएमसाठी, म्हणजे भरलेल्या डब्याच्या पडताळलेल्या वजनासाठी, पडद्यावरचा आकडा आम्ही धरत नाही, काट्याचीच पावती लावतो. दुसऱ्या रांगेच्या चाचणीसाठी १२० गोण्या उतरवून वजन २४ टनांवर आणलं. प्रमाणपत्रात म्हणून पहिल्या रांगेला ३० टन आणि दुसऱ्या रांगेला २४ टन असंच लिहून आलं. चार्टवरचे ४५ कागदावर हवे असतील तर तेवढं वजन उभं करावं लागतं, आणि खेड्यातल्या यार्डात ते कुठून आणणार? आमच्या कामाला ३० पुरतात. तपासणीची फी आणि गोण्यांची मजुरी मिळून ३८ हजार.

उरणहून एक अनुभवी ऑपरेटर महिनाभर ठेवला, त्याच्या हाताखाली गावातले दोघं. एक जेसीबीवरचा, एक ट्रॅक्टरवरचा. सुकाणू मागच्या चाकांना असतं, त्यामुळे वळताना मागचा काउंटरवेट बाहेर फेकला जातो. "भाऊ, हे तं मागूनच वयते!" हे पहिल्या दिवसाचं वाक्य, आणि तेच नेमकं लक्षात ठेवायचं. पहिला आठवडा फक्त रिकामा स्प्रेडर आणि जमिनीवर चुन्याने आखलेला डबा. उस्तादाचा एक नियम होता. स्प्रेडरवरचे दिवे मोठ्याने बोलायचे: "संत्री" म्हणजे चारही कोपरे टेकले, "हिरवा" म्हणजे लॉक लागले. संत्री आल्याशिवाय लॉकचं बटण दाबायचं नाही. हिरवा आल्यावर डबा चार बोटं उचलायचा, थांबायचं, चारही कोपऱ्यांकडे बघायचं, मगच वर. आणि बूम वर असताना वळायचं नाही. आधी आत ओढा, खाली घ्या, मग चाकं फिरवा. ओव्हरलोड बायपासची, म्हणजे जास्त भाराला मशीन अडवणारी सोय बंद करणारी, किल्ली केबिनमध्ये नसते, ती ऑफिसात सीलबंद पाकिटात आहे.

१० जून २०२४ ला पहिला भरलेला डबा रांगेत बसला.

जुलैच्या झडीत गट्टू बसले. पट्ट्या नसलेल्या ब्लॉकमध्ये दोरी धरून मोजलं तर कोपऱ्यांखाली २२ मिलिमीटर खड्डा, आणि चार डब्यांची थप्पी वरच्या टोकाला चांगली सहा बोटं कललेली. तिथे पावसाळाभर दोनच डबे रचले. दिवाळीनंतर गट्टू उखडून ४० सेंटिमीटर रुंद, ३५ खोल आरसीसी पट्ट्या टाकल्या. आधी टाकल्या असत्या त्याच्या दीडपट खर्च आला.

जिनिंग सुरू झाल्यावर नोव्हेंबरात मशीन तापायला लागलं. थंडीचे दिवस, आणि पडद्यावर १०३ अंश. मेकॅनिकने थर्मोस्टॅट बदलला, फरक शून्य. कारण निघालं रुईचं. हवेत उडणारे तंतू ऑइल कूलर आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत जाऊन गादी तयार झाली होती. बाहेरून जाळी स्वच्छ दिसत होती. कूलर सैल करून पुढे ओढायचा आणि इंजिनाच्या बाजूने बाहेर अशी कॉम्प्रेसरची हवा मारायची. पाणी मारलं तर त्याचा लगदा होतो आणि सुकल्यावर पुठ्ठ्यासारखा बसतो. हंगामात हे दर तीन दिवसांनी, पुस्तकात काहीही लिहिलेलं असो.

जून २०२५ ला पुन्हा तपासणी झाली. ट्विस्टलॉक काढून चुंबकीय चाचणी केली तर एकाच्या मानेवर केसाएवढा तडा. चारही एकदम बदलले, कारण चौघांनी उचललं ते सारखंच. रेतीच्या गोण्या वर्षभर शेडमध्ये जपून ठेवल्या होत्या. उंदरांनी त्यातल्या ५१ फोडल्या होत्या, तेवढ्या नव्या भरून, काट्यावर तोलून, मग डब्यात रचल्या.